सहा जणांत एक पुस्तक

माझ्या कपाटात खालून दुसऱ्या फळीवर तीन जाड पुस्तके गेली दहा वर्षे उभी आहेत. पहिल्याचा कणा मधोमध उसवला आहे, दुसऱ्याच्या पानांवर चहाचे आणि चिवड्याच्या तेलाचे डाग आहेत, आणि राक्षसांची वर्णने व त्यांचे आकडे असलेले तिसरे जवळपास कोरे राहिले आहे, कारण ते माझ्याखेरीज कोणी उघडायचे नाही असा आमच्यात अलिखित नियम आहे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या पाचव्या आवृत्तीची ही मूळ पुस्तके. तिन्ही मिळून तेव्हा साधारण दहा हजार रुपये पडले होते आणि त्यावरून घरात थोडी कुरबुरही झाली होती. त्यानंतर महिन्यातून सुमारे तीन शनिवार, दर वेळी चार तास, टेबलाभोवती सहा माणसे असा हिशेब मी एकदा वहीच्या मागच्या पानावर मांडला, तेव्हा तो साडेआठ हजार माणसी तासांच्या पुढे गेला. म्हणजे एका माणसाच्या एका तासाच्या करमणुकीला सव्वा रुपयाही पडला नाही. या हिशेबाने मी सुखावलो, आणि लगेच मनात आले की हा खेळ विकणाऱ्या कंपनीला तो चांगलाच झोंबत असला पाहिजे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगावे लागेल. टेबलावर एक जण ‘डन्जन मास्टर’ असतो. आमच्याकडे तो मी. तो गोष्टीचे जग उभे करतो आणि बाकीचे त्या जगातले एकेक पात्र होतात. समोर अरुंद पूल आहे आणि पलीकडे कंदील घेऊन कोणीतरी उभे आहे असे मी सांगतो. आपण काय करणार हे ते सांगतात. आणि ते जमले की नाही याचा निकाल वीस पैलूंचा फासा देतो. पट लागत नाही, सोंगट्या हौसेपुरत्या, कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही, आणि गोष्ट संपायलाच हवी असेही काही नाही. पुस्तकांत असतात ते नियम. ते एकदा अंगवळणी पडले की पुस्तक अडलेल्या वेळी उघडण्यापुरते उरते, आणि टेबलावरच्या सहांपैकी पाच जणांना तर ते विकत घेण्याचे काही कारणच नसते. वाचनालयात आलेला एक दिवाळी अंक तीस-चाळीस घरे फिरून येतो आणि प्रकाशकाच्या वहीत मात्र एकाच प्रतीची नोंद असते, तसा हा प्रकार आहे. फरक इतकाच की दिवाळी अंक पुढच्या वर्षी नवा घ्यावा लागतो.

डिसेंबर २०२२ मध्ये या खेळाची मालकी असलेल्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीच्या प्रमुख सिंथिया विल्यम्स यांनी गुंतवणूकदारांसमोर बोलताना सांगितले की या नावातून जेवढा पैसा यायला हवा तेवढा अजून येत नाही. खेळणाऱ्यांत डन्जन मास्टर जेमतेम वीस टक्के, पण पैसे खर्च करणाऱ्यांत सर्वांत मोठा वाटा त्यांचाच. ते वाचताना मला पहिल्यांदा जाणवले की आपण एका उद्योगाचा आधारही आहोत आणि त्याची डोकेदुखीही. त्या विधानानंतर महिन्याभरात जे रामायण घडले त्याकडे मी येणारच आहे, पण ते समजायला थोडे मागे जावे लागते.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचे तळ्याकाठचे लहान गाव आहे. तिथल्या गॅरी गायगॅक्स या गृहस्थांनी पूर्वी विमा कंपनीत नोकरी केली होती आणि ती सुटल्यावर घरातच बूट दुरुस्तीचे काम करत ते टेबलावर खेळायच्या युद्धखेळांचे नियम लिहीत असत. मिनेसोटातल्या डेव्ह आर्नसन यांच्याबरोबर त्यांनी हा नवा खेळ रचला. युद्धखेळ छापणाऱ्या प्रस्थापित कंपनीने त्यात रस दाखवला नाही, तेव्हा ऑक्टोबर १९७३ मध्ये गायगॅक्स आणि त्यांचे बालमित्र डॉन के यांनी ‘टॅक्टिकल स्टडीज रूल्स’, म्हणजे पुढे टीएसआर या नावाने ओळखली गेलेली कंपनी काढली. छपाईला पैसे पुरेनात म्हणून ब्रायन ब्लूम यांना भागीदार करून घेतले. जानेवारी १९७४ मध्ये तीन पातळ पुस्तिका असलेली पेटी निघाली, प्रती एक हजार, किंमत दहा डॉलर. त्या हजार पेट्या हाताने भरल्या गेल्या आणि त्या खपायला वर्षाच्या आसपास काळ गेला. दहा डॉलर विद्यार्थ्यांना जड जात, त्यामुळे विकल्या गेलेल्या पेट्यांबरोबर झेरॉक्स प्रतीही फिरत. धंद्याच्या पहिल्याच वर्षी टीएसआरला जी स्पर्धा सोसावी लागली ती स्वतःच्या पुस्तकाच्या छायाप्रतीची होती.

यावर नाक मुरडण्याचा अधिकार मला नाही. कॉलेजात असताना आमच्या गटातल्या एकाचा मावसभाऊ अमेरिकेहून आला तेव्हा त्याने तिसऱ्या आवृत्तीचे खेळाडूंचे पुस्तक आणले होते. ते आम्ही दोन दिवसांसाठी मागून घेतले, कॉलेजच्या मागच्या झेरॉक्सवाल्याकडे पाठपोट काढले आणि निळे प्लॅस्टिक लावून स्पायरल करून घेतले. फासे मात्र झेरॉक्स करता येत नाहीत. चार, आठ, दहा, बारा आणि वीस पैलूंचे फासे तेव्हा आम्हाला पुण्यात कुठे मिळाले नाहीत, म्हणून आम्ही पोस्टकार्डाचे तुकडे कापून त्यांवर आकडे लिहिले आणि स्टीलच्या वाटीत घालून हलवून एकेक चिठ्ठी उचलू लागलो. आपण मोठा जुगाड केला असे वाटत होते. पुढे कित्येक वर्षांनी कळले की १९७९ च्या सुमारास खुद्द टीएसआरला फाशांचा तुटवडा पडला होता, तेव्हा तिनेही पेटीत फाशांऐवजी आकडे छापलेल्या चिठ्ठ्या घातल्या होत्या, त्या कपात घालून उचलायच्या. आणि फासे मिळत तेव्हाही ते कोरीव आकड्यांचे पण बिनरंगाचे. बरोबर एक मेणाचा खडू येई, त्याने ज्याने त्याने आपले आकडे भरून घ्यायचे.

या बाजारातली स्पर्धा बाहेरून क्वचितच आली आहे. जवळपास प्रत्येक मोठा प्रतिस्पर्धी आधी याच टेबलावर बसलेला होता. अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्स शहरातले केन सेंट आंद्रे यांनी १९७५ मध्ये त्या तीन पुस्तिका वाचल्या. त्यांतले बरेचसे त्यांना कळले नाही, जे कळले ते आवडले, आणि सहा पैलूंच्या साध्या फाशांवर चालेल असा स्वतःचा खेळ त्यांनी लिहून काढला. ‘टनेल्स अँड ट्रोल्स’च्या पहिल्या शंभर प्रती त्यांनी विद्यापीठाच्या छापखान्यात काढल्या. कॅलिफोर्नियात स्टीव्ह पेरिन यांनी मूळ खेळातल्या लढाईचे नियम आपल्या टेबलापुरते बदलले होते. १९७८ मध्ये केऑसियम या प्रकाशनाने काढलेल्या ‘रूनक्वेस्ट’ची रचना करणाऱ्यांत तेच पेरिन होते. जर्मनीत या खेळाच्या भाषांतरात ज्यांचा हात होता त्या उलरिख कीझोव्ह यांनीच १९८४ मध्ये ‘दास श्वार्झं आउगं’ रचला, आणि तिथे तो मूळ खेळापेक्षा मोठा झाला. जपानमध्ये तर आणखी मजा. तिथे एका मंडळाने आपला खेळ चालू असताना झालेले संवाद शब्दबद्ध करून १९८६ पासून एका मासिकात क्रमशः छापले, ते इतके लोकप्रिय झाले की त्या मंडळाला पुढे परक्या नियमांची गरजच उरली नाही; १९८९ मध्ये त्यांनी ‘स्वॉर्ड वर्ल्ड’ हा स्वतःचा खेळ बाजारात आणला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो असा. हे असे होण्याचे कारण खेळाच्या स्वभावातच आहे. डन्जन मास्टरला दर आठवड्याला काहीतरी रचावेच लागते, कुठे नियम अडला की तिथल्या तिथे नवा बांधावा लागतो, आणि असे वर्षभर करणाऱ्या माणसाला एक दिवस वाटू लागते की हे आपणही छापू शकतो. ग्राहकाला उत्पादक बनवणारा असा दुसरा धंदा मला चटकन आठवत नाही. मीही एका सुट्टीत चाळीस पाने लिहिली होती. ती कुठे आहेत हे विचारू नये.

खुद्द निर्मातेही यातून सुटले नाहीत. डॉन के १९७५ च्या जानेवारीत अचानक वारले, भागभांडवलाचे पारडे ब्लूम कुटुंबाकडे झुकले, आर्नसन यांना मानधनासाठी कोर्टात जावे लागले, आणि १९८५ मध्ये कंपनीची सूत्रे लॉरेन विल्यम्स यांच्याकडे जाऊन गायगॅक्स आपल्याच कंपनीत उपरे ठरले. बाहेर पडल्यावर त्यांनी १९९२ मध्ये दुसऱ्या प्रकाशनातर्फे ‘डेंजरस जर्नीज’ हा नवा खेळ आणला, तर टीएसआरने त्यांच्यावर दावा ठोकला. दोन वर्षांनी तडजोड होऊन टीएसआरनेच त्या खेळाचे हक्क विकत घेतले आणि तो बासनात गुंडाळून ठेवला. जिने ज्या माणसामुळे जन्म घेतला त्याच माणसाला स्पर्धक ठरवून पैसे देऊन गप्प बसवणारी ही कंपनी स्वतःच्या दुकानात काय चालले आहे याकडे मात्र बघत नव्हती.

टीएसआर बुडाली कशी, याची कथा मला नेहमी एखाद्या सहकारी साखर कारखान्याच्या अहवालासारखी वाटते: वरून उलाढाल दिसते आणि आतून गोदाम भरत असते. नव्वदच्या दशकात तिने एकामागून एक काल्पनिक जगे बाजारात आणली. एक वाळवंटाचे, एक भुताखेतांचे, एक ताऱ्यांमधून जहाजे हाकणाऱ्यांचे, एक अरबी सुरस कथांच्या धर्तीचे, एक राजघराण्यांचे. प्रत्येक जगाची पेटी, नकाशे, पुरवण्या आणि कादंबऱ्या वेगळ्या. पण वाळवंटात खेळणारा गट भुतांच्या जगाचे पुस्तक कशाला घेईल? शनिवार आठवड्यातून एकच येतो. त्यामुळे ग्राहक वाढण्याऐवजी होते तेच वाटले गेले, आणि आधी एका पुस्तकाच्या जितक्या प्रती खपत तितक्या आता पाच पुस्तकांत विभागल्या जाऊ लागल्या. काही पेट्यांमध्ये तर नकाशे आणि पत्त्यांचा इतका थाट असे की निर्मितीचा खर्च विक्रीतून भरून निघत नसे. यावर कळस म्हणजे वितरणाचा करार. पुस्तकांच्या दुकानांत माल पोहोचवणारी रँडम हाउस ही कंपनी माल हाती येताच टीएसआरला पैसे देत असे आणि न खपलेला माल पुढे कधीतरी परत पाठवत असे. पैशांची चणचण भासली की आणखी पुस्तके छापायची आणि पाठवायची, असा तो उधारीवर दिवस ढकलण्याचा मार्ग झाला. १९९६ मध्ये परतीच्या मालाचे गठ्ठे येऊ लागले, मुद्रकाची बिले थकली, त्याने काम थांबवले, आणि या खेळाचे मासिकही काही महिने निघू शकले नाही.

तोवर शेजारच्या काउंटरवर दुसराच बाजार उभा राहिला होता. सिअ‍ॅटलजवळ पीटर अ‍ॅडकिसन आणि त्यांच्या मित्रांनी १९९० मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्ट काढली होती ती अशाच भूमिका करण्याच्या खेळांची पुस्तके छापायला, आणि पहिल्याच पुस्तकावरून दुसऱ्या प्रकाशकाने दावा लावल्यामुळे ती बुडायच्या बेतात होती. तेवढ्यात रिचर्ड गारफिल्ड यांनी त्यांच्यासाठी रचलेला ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ १९९३ मध्ये आला. त्याचे अर्थशास्त्र माझ्या कपाटातल्या तीन पुस्तकांच्या बरोबर उलटे आहे. प्रत्येक खेळाडूला स्वतःचे पत्ते लागतात, पाकिटात कोणते पत्ते निघतील हे माहीत नसते, आणि दर काही महिन्यांनी नवे पत्ते येऊन जुने स्पर्धांतून बाद होत जातात. ज्या पोराने वर्षाकाठी एखादे नियमपुस्तक घेतले असते तो आता दर आठवड्याला पाकिटे फोडू लागला. त्या पाकिटांच्या पैशातून विझार्ड्सने १९९७ मध्ये कर्जबाजारी टीएसआर विकत घेतली. आणि दोनच वर्षांनी, १९९९ मध्ये, हॅस्ब्रो या खेळण्यांच्या बड्या कंपनीने विझार्ड्सलाच सुमारे साडेबत्तीस कोटी डॉलरला गिळले. २०२२ मध्ये याच पत्त्यांनी वर्षाला एक अब्ज डॉलरची उलाढाल ओलांडली. एकाच मांडवाखाली अशी दोन भावंडे नांदत असताना धाकट्याच्या कमाईकडे पाहून थोरल्याला रोज टोमणे बसणार हे उघडच होते.

तरीही या थोरल्याच्या बाबतीत सर्वांत शहाणपणाचा निर्णय त्याच काळात झाला. खेळाची जबाबदारी सांभाळणारे रायन डॅन्सी यांनी असा विचार मांडला की या खेळाचे खरे मोल पुस्तकात नसून तो खेळता येणाऱ्या माणसांत आहे. नवा खेळ कितीही चांगला असला तरी तो शिकायला तयार असे पाच जण एका संध्याकाळी एकत्र आणणे कठीण असते, आणि सर्वांना आधीपासून येणारा खेळ निवडणे सोपे असते; म्हणून जितके अधिक लोक तेच नियम वापरतील तितकी मूळ पुस्तकाची मागणी वाढेल, मग पुरवण्या कोणीही छापोत. यातून २००० साली तिसऱ्या आवृत्तीबरोबर ‘ओपन गेम लायसन्स’ आले. नियमांचा गाभा कोणीही फुकट घ्यावा, त्यावर आपली पुस्तके रचावीत, विकावीत, आम्हाला एक पैसा देऊ नये. खेळाडूंचे पुस्तकही सुरुवातीला २० डॉलरला पाच सेंट कमी अशा किमतीत विकले. आवळा देऊन कोहळा काढण्याची ही कला होती, आणि काही काळ ती छान साधली. मग शेकडो जण पुरवण्या छापू लागले, दुकाने सुमार पुस्तकांनी भरली, २००३ मध्ये कंपनीने नियमांची सुधारित आवृत्ती काढली आणि दुकानदारांच्या फळ्यांवरचा तो सगळा माल एका रात्रीत शिळा झाला. छोटे प्रकाशक त्यात आडवे झाले. आमच्या स्पायरल बाइंडिंगलाही ती सुधारणा लागू होती, पण आम्ही तिच्याकडे दुर्लक्ष केले. झेरॉक्सचे पैसे दुसऱ्यांदा कोण देणार?

या परवान्याने पुढे जो प्रताप दाखवला तो मला फार आवडतो. पायझो ही कंपनी २००२ पासून परवान्याने या खेळाची दोन मासिके काढत होती आणि तिच्या प्रमुख लिसा स्टीव्हन्स या विझार्ड्सच्या अगदी सुरुवातीच्या कर्मचाऱ्यांपैकी. २००७ मध्ये विझार्ड्सने मासिकांचा करार पुढे चालू ठेवला नाही. २००८ मध्ये चौथी आवृत्ती आली, ती आधीच्या खेळापासून इतकी वेगळी की जुनी पुस्तके तिच्याबरोबर चालत नव्हती, आणि तिच्यासोबतचा नवा परवाना सुरुवातीला इतका जाचक होता की तो पत्करणाऱ्या प्रकाशकाला त्या मालिकेची जुन्या परवान्याखालची पुस्तके बंद करावी लागत. पायझोने तो नाकारला, जुन्या खुल्या नियमांवरच हात फिरवला आणि ऑगस्ट २००९ मध्ये ५७६ पानांचा ‘पाथफाइंडर’ बाजारात आणला. म्हणजे विझार्ड्सचेच सोडून दिलेले नियम विझार्ड्सनेच फुकट दिलेल्या परवान्याने तिच्याच जुन्या माणसांनी तिच्याच ग्राहकांना विकले, आणि तेही तिच्या कार्यालयापासून मोटारीने फार तर अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर बसून. २०११ पासून पाचवी आवृत्ती येईपर्यंत अमेरिकी दुकानदारांना विचारून काढल्या जाणाऱ्या क्रमवारीत पाथफाइंडर पहिल्या स्थानावर होता. चौथ्या आवृत्तीची रचना काही वाईट नव्हती. लढाईपुरते बोलायचे तर ती मला आजही सगळ्यांत नीटस वाटते. तिला हरवले ते लोकांच्या कपाटांतल्या जुन्या पुस्तकांनी. आपलेच जुने पुस्तक हा या धंद्यातला सर्वांत चिवट प्रतिस्पर्धी आहे, कारण त्याचे पैसे आधीच देऊन झालेले असतात.

पाचवी आवृत्ती २०१४ मध्ये आली तेव्हा कंपनीचा सूर बराच नरमलेला होता. दोन वर्षे हजारो खेळाडूंना मसुदे वाटून मते विचारली गेली होती, आणि प्राथमिक नियम पहिल्या दिवसापासून फुकट होते. त्यानंतर जे झाले ते मात्र कोणाच्याही योजनेत नव्हते. २०१५ च्या मार्चमध्ये लॉस एंजेलिसमधल्या काही आवाज-कलाकारांनी आपला घरगुती खेळ ‘क्रिटिकल रोल’ या नावाने कॅमेऱ्यासमोर आणला आणि दुसऱ्यांना खेळताना पाहण्यात लाखो लोक तीन-तीन, चार-चार तास रमू लागले. जपानी मासिकाने तीस वर्षांपूर्वी शाईत केलेली गोष्ट आता पडद्यावर झाली. अमेरिका आणि कॅनडातल्या अशा खेळांच्या विक्रीचा व्यापारी पत्रिकेचा अंदाज २०१३ मध्ये दीड कोटी डॉलर होता, तो २०१८ मध्ये साडेसहा कोटींवर गेला. याच कलाकारांनी २०१९ मध्ये एका चित्रपटिकेसाठी लोकांकडे साडेसात लाख डॉलर मागितले, तर एक कोटी तेरा लाखांहून अधिक जमले. आमच्या टेबलावरही त्या सुमारास पहिल्यांदाच असे खेळाडू आले, ज्यांनी नियमाचे एकही पान वाचलेले नव्हते पण ज्यांना चांगला डन्जन मास्टर कसा बोलतो हे माझ्यापेक्षा जास्त माहीत होते. माझ्या आवाजांवर नापसंती व्यक्त होऊ लागली.

आणि मग ते सुरुवातीला सांगितलेले विधान, आणि पाठोपाठ २०२३ ची जानेवारी. विझार्ड्सच्या नव्या परवान्याचा मसुदा फुटून वृत्तसंस्थळावर आला. त्यानुसार वर्षाला पन्नास हजार डॉलरहून अधिक उत्पन्न असणाऱ्यांनी ते कळवायचे, आणि साडेसात लाखांच्या वरच्या उत्पन्नावर पंचवीस टक्क्यांपर्यंत वाटा द्यायचा. नफ्यावर नव्हे, उत्पन्नावर. पुस्तक व्यवसायात ज्याने कधी पैसा घातला असेल त्याला यातला अर्थ समजावून सांगायला नको. पण खरी मेख एका शब्दात होती. २००० च्या परवान्यात म्हटले होते की परवान्याची कोणतीही ‘अधिकृत’ आवृत्ती वापरता येईल. तेवीस वर्षे या विशेषणाकडे कोणी पाहिले नव्हते. आता कंपनीचे म्हणणे असे की जुनी आवृत्ती यापुढे अधिकृत नाही. ज्या कागदावर विसंबून शेकडो लोकांनी नोकऱ्या सोडून छापखाने, चित्रकार, गोदामे उभी केली होती तो एका विशेषणावर मागे घेता येईल अशी ती वाट होती.

लोक रस्त्यावर आले नाहीत, त्यांनी वर्गणी बंद केली. आदल्याच वर्षी हॅस्ब्रोने चौदा कोटी त्रेसष्ट लाख डॉलर मोजून खेळाची डिजिटल सेवा विकत घेतली होती, तिचे सदस्यत्व लोक रद्द करू लागले. पायझोने आठवड्याभरात जाहीर केले की अनेक प्रकाशकांसाठी मिळून, कोणाही एका कंपनीच्या मालकीचा नसेल असा नवा परवाना आम्ही तयार करवू. तिने असेही सांगितले की पाथफाइंडरच्या मूळ पुस्तकाचा आठ महिने पुरेल असा साठा दोन आठवड्यांत संपला. २७ जानेवारीला विझार्ड्सने संपूर्ण माघार घेतली, जुना परवाना तसाच राहील असे सांगितले आणि वर नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्स या सर्वांसाठीच्या खुल्या परवान्याखाली खुला केला, जो आता तिला स्वतःलाही परत घेता येणार नाही. थोडे अधिक मिळवायला निघून सात-बारा देऊन आल्यासारखे झाले. माझा त्या आठवड्यातला अनुभव अगदीच किरकोळ आहे: आमच्या गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एरवी फक्त ‘उशीर होईल’ एवढेच लिहिणाऱ्या आमच्या एका सनदी लेखापाल मित्राने परवान्याच्या त्या कलमावर दीड पान लिहिले आणि शेवटी विचारले, “पण आपण तर काहीच विकत घेत नाही, मग आपण बहिष्कार टाकायचा कशावर?”

त्याच्या प्रश्नाला उत्तर नव्हते, आणि त्यातच कंपनीची अडचणही होती आणि आमचीही. त्या जानेवारीनंतर नवे खेळ धडाक्याने आले. क्रिटिकल रोलच्या मंडळींनी मे २०२५ मध्ये ‘डॅगरहार्ट’ हा स्वतःचा खेळ काढला, आणि पुढच्याच महिन्यात पाचव्या आवृत्तीचे दोन आधारस्तंभ, जेरेमी क्रॉफर्ड आणि क्रिस पर्किन्स, विझार्ड्स सोडून त्यांच्याकडे रुजू झाले. दांड्याची जुनी गोष्ट पुन्हा घडली असे मी समाधानाने म्हणत होतो, तोच त्या मंडळींनी आपल्या मुख्य कार्यक्रमाचे चौथे पर्व ऑक्टोबरमध्ये सुरू केले ते डॅगरहार्टवर नव्हे, तर डन्जन्स अँड ड्रॅगन्सवरच. ज्यांच्या हातात स्वतःचा खेळ, स्वतःचे प्रकाशन आणि स्वतःचा प्रेक्षक आहे त्यांनाही सर्वांना आधीपासून येणाऱ्या खेळाकडे यावेसे वाटले. डॅन्सींचे गणित पंचवीस वर्षांनीही चुकले नाही. फक्त त्या गणितातला नफा कोणाच्या खात्यावर मांडायचा हे अजून ठरायचे आहे.

२०२४ मध्ये मूळ तिन्ही पुस्तकांच्या सुधारित आवृत्त्या येऊ लागल्या. खेळाडूंचे पुस्तक मी एका दुकानात उभ्याउभ्या तासभर चाळले. चित्रे सुरेख आहेत, मांडणी माझ्या पुस्तकापेक्षा कितीतरी सोपी आहे, आणि मागच्या बाजूची सूची अखेर वापरता येईल अशी झाली आहे. जुन्या पुस्तकांतली साहसे त्यावर चालतील अशी काळजीही घेतली आहे. चौथ्या आवृत्तीचा धडा कोणीतरी वहीत लिहून ठेवला असावा. मी ते परत फळीवर ठेवले. दुकानदाराने विचारले, “जुनं आहे का घरी?” मी मान डोलावली. तोही डोलावला, आणि म्हणाला की निम्मे लोक हेच सांगतात.

गेल्या महिन्यापासून आमच्या टेबलावर शेजारच्या जोशींची मुलगी येते, अकरावीतली. पहिल्या दिवशी तिने वही उघडली, पेन्सिलीला टोक केले आणि अतिशय गंभीरपणे विचारले, “काका, मी कुठलं पुस्तक घेऊ? नवं की तुमचं आहे तसं?” कंपनीच्या अहवालांत ज्या नव्या ग्राहकाची इतक्या आशेने वाट पाहिली जाते तो माझ्या जेवणाच्या टेबलाशी येऊन बसला होता आणि माझ्याकडे पाहत होता. मी उसवलेल्या कण्याचे पुस्तक तिच्यापुढे सरकवले आणि म्हटले, “आत्ता काही घेऊ नकोस. हे आहे ना.” ती हिरमुसली असावी, कारण पुढच्या शनिवारी तिने पिशवीतून एक छोटी मखमली थैली काढली आणि सात फासे टेबलावर ओतले, हिरवे, आत सोनेरी चकाकी असलेले. ऑनलाइन मागवले, सहाशे रुपयांना. आमच्या टेबलावर त्या वर्षी झालेली ती एकमेव खरेदी होती. वीस पैलूंचा फासा तिने दोनदा तळहातावर घोळवला, टाकला, आणि तो घरंगळत जाऊन माझ्या चहाच्या कपाला लागून थांबला. तीन पडले होते.

“पुलावरून पाय घसरतो,” मी म्हटले.